दहाच्या दहा सत्तेत, तरी वजन कमी

नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर कोल्हापूर जिल्ह्यातले दहाही आमदार सरकारच्या बाजूचे झाले. शिंदे यांच्या शिवसेनेचे तीन, भाजपचे दोन, जनसुराज्यचे दोन, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचा एक, शिरोळचा राजर्षी शाहू विकास आघाडीचा एक आणि चंदगडचा अपक्ष. काँग्रेसला भोपळा. तेव्हापासून जिल्ह्यात एक समज घट्ट बसला आहे : सगळे सत्तेत, म्हणजे आता निधीची चिंता नाही, मुंबईत आपला शब्द चालणार. हा समज साध्या बेरीज-वजाबाकीतच नापास होतो.

विधानसभेत २८८ जागा, बहुमताला १४५. २०१९ साली शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ असे १५४ जण एकत्र आले. हाताशी अवघे नऊ जास्तीचे, त्यावर काही अपक्षांचा टेकू. त्या सरकारातून काँग्रेस उठली असती तर उरले असते ११०. शिवसेना उठली असती तर ९८. म्हणजे ४४ वाल्याचं वजन आणि ५६ वाल्याचं वजन सारखंच, कारण तिघांपैकी कुणीही उठला की सरकार खाली. अशा सरकारात एकेक आमदार मोलाचा असतो. तेव्हा जिल्ह्यातले आठ आमदार सरकारच्या बाजूला होते आणि मंत्रिपदं मिळाली तीन : हसन मुश्रीफ यांना ग्रामविकास, विधान परिषदेतून सतेज पाटील यांना गृह राज्यमंत्रिपद आणि अपक्ष निवडून आलेले राजेंद्र पाटील-यड्रावकर यांना आरोग्य राज्यमंत्रिपद. अपक्षाला मंत्रिपद मिळतं ते बहुमत काठावर असलं तरच.

आता २०२४ चं गणित मांडा. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २३०, मित्रपक्ष आणि अपक्ष वेगळेच. शिवसेना बाहेर पडली तरी १७३ उरतात. राष्ट्रवादी बाहेर पडली तरी १८९. दोघांनी एकाच दिवशी पाठ फिरवली तरच सरकारला धोका, आणि दोघं एकाच दिवशी रुसतील अशी त्यांची आपसातली मैत्री दिसत नाही. म्हणून रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्रिपदांवरून जानेवारी २०२५ मध्ये केवढा गदारोळ झाला, नेमणुकांना स्थगिती मिळाली, पण सरकारच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. १४५ च्या वर ८५ जण जास्तीचे असलेल्या सरकारात दहा आमदार एकगठ्ठा रुसले तरी मुख्यमंत्र्यांची झोप मोडायचं कारण नाही. आठ आमदारांवर तीन मंत्रिपदं मिळाली होती. दहांवर दोन मिळाली. मुश्रीफ यांच्याकडे वैद्यकीय शिक्षण, प्रकाश आबिटकर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य. (गंमत अशी की सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय, एका मंत्र्याच्या खात्यात आणि गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र दुसऱ्याच्या. दोघं एकाच जिल्ह्याचे, पक्ष वेगळे. रुग्णाला एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवताना फाईल दोन पक्षांमधून जाते.)

मंत्रिपदांची संख्याही अमर्याद नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात त्याचे ४३ होतात. २३० जणांमध्ये ४३ खुर्च्या. उरलेल्यांची समजूत महामंडळं, समित्या आणि निधीवर काढायची. आणि समजूत काढायची गरज किती, हे पुन्हा त्या १४५ वरच ठरतं.

या जिल्ह्याचा मतदार तसा कुणाला फार काळ डोक्यावर बसवून घेत नाही. २०१४ साली इथं शिवसेनेचे सहा आमदार होते, भाजपचे दोन, राष्ट्रवादीचे दोन, काँग्रेस शून्य. २०१९ ला शिवसेनेचे सहावरून एकावर, भाजप शून्यावर, काँग्रेस चारांवर. २०२४ ला काँग्रेस पुन्हा शून्यावर. इतकी उलथापालथ होऊनही एक गोष्ट टिकली होती : कुणी ना कुणी समोरच्या बाकावर असायचं. २०१४ ते १९ मध्ये राष्ट्रवादीचे दोघं, २०१९ नंतर भाजपच्या बाजूचे विनय कोरे आणि प्रकाश आवाडे. पुढे २०२२ ला आबिटकर आणि यड्रावकर शिंदेंबरोबर गेले, २०२३ ला मुश्रीफ अजित पवारांबरोबर. बाकं बदलली, पण दोन्ही बाजूंना कोल्हापूरकर होते. आता समोरचं बाक रिकामं आहे.

समोरच्या बाकाचा उपयोग काय, हे टोलच्या आंदोलनाने दाखवून दिलं होतं. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर दिला गेला, तीस वर्षांच्या टोलवसुलीच्या बोलीवर. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं सर्वपक्षीय कृती समितीत होती. रस्त्यावरची ताकद त्यांची. पण शहराचे, म्हणजे कोल्हापूर उत्तरचे आमदार तेव्हा विरोधी बाकावरच्या शिवसेनेचे होते. त्यामुळे आंदोलनाला सभागृहात पत्ता मिळाला आणि २०१४ च्या निवडणुकीत टोलमुक्तीचं वचन देणारा पक्षही मिळाला. सत्ता बदलल्यावर २०१५ च्या अखेरीस टोल बंद करण्याची घोषणा झाली, ती त्या वचनाचं ओझं होतं म्हणून. त्या वेळी दहाच्या दहा सत्तेत असते तर कृती समितीने निवेदन कुणाच्या हाती दिलं असतं?

याच्या उलट शक्तिपीठ महामार्ग. नागपूर ते गोव्याची सीमा, ८०२ किलोमीटर. शिरोळपासून आजऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांचा विरोध इतका होता की विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक झाली, दहाच्या दहा आले आणि २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. जिल्ह्यातल्या मंत्र्यांनी बैठकीत शेतकऱ्यांची बाजू मांडल्याच्या बातम्या आल्या. मांडलीही असेल. पण राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असतं. निर्णय झाला की तो प्रत्येक मंत्र्याचा. मंत्री नसलेल्या आमदारालाही पक्षादेश (व्हिप) आहे. तो तारांकित प्रश्न विचारू शकतो, नियम १०५ खाली लक्षवेधी लावू शकतो, नियम २९३ च्या चर्चेत तावातावाने बोलू शकतो. पण खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मताला आल्या की त्याचा हात सरकारच्याच बाजूने वर गेला पाहिजे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर दहाव्या परिशिष्टाप्रमाणे आमदारकीच जाऊ शकते. सत्ताधारी आमदार शेतकऱ्यांचा कैवारी असतो तो प्रश्नोत्तराच्या तासापुरता.

यात पक्ष कोणता हे गौण आहे. एफआरपीचं, म्हणजे उसाला द्यायच्याच किमान दराचं उदाहरण घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने शासन निर्णय काढून एफआरपीचे दोन हप्ते पाडले : पहिला साखरेच्या ठरावीक उताऱ्यावर, दुसरा हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उतारा निघाला की. तेव्हाही जिल्ह्यातले आठ आमदार सरकारच्या बाजूला होते, आणि त्यांतल्या कितीजणांच्या घरात कारखाना आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिरोळचे राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द झाला. मधले तीन हंगाम गेले. सभागृहात एका दिवसात विचारता आला असता तो प्रश्न न्यायालयातून तीन वर्षांनी सुटला.

कोल्हापुरात पक्षाआधी गट विचारतात, हेही इथं मोजावं लागतं. गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती, कारखाने : इथली पॅनेलं पक्षाच्या चिन्हावर उभी राहत नाहीत. २०२१ साली गोकुळमध्ये सतेज पाटील आणि मुश्रीफ एकाच पॅनेलमध्ये होते आणि २१ पैकी १७ जागा घेऊन त्यांनी महाडिक गटाची सत्ता घालवली. पुढे मुश्रीफ महायुतीत गेले, सतेज पाटील काँग्रेसमध्येच राहिले, आणि २०२५ मध्ये अध्यक्ष बदलताना 'अध्यक्ष महायुतीचाच हवा' हा आग्रह थेट मुंबईहून आला. दुधाच्या संघाचा अध्यक्ष कोण याची फिकीर राज्य सरकारला का असावी? कारण कारखान्यांच्या कर्जाची थकहमी, सहकार खात्याची चौकशी, लेखापरीक्षण, प्रशासक नेमण्याचा अधिकार हे सगळं सरकारच्या हातात आहे. पूर्वी सहकारातला गट आणि विधानसभेतला पक्ष एकमेकांना छेद देत आणि त्या छेदातून थोडा तोल राहत असे. आता दोन्ही एकाच रेषेत आणायचा प्रयत्न दिसतो.

बरं, हे बहुमत मतदारांनीच दिलं ना? दिलं, पण आकडे नीट पाहायला हवेत. महायुतीतल्या तीन पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मतं आणि ८० टक्के जागा. आघाडीतल्या तीन पक्षांना जवळपास ३४ टक्के मतं आणि ४६ जागा, म्हणजे १६ टक्के. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मतं मिळून जागा आल्या १०. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्क्यांत ४१. पहिल्यांनी जास्त जागा लढवल्या होत्या हे खरं, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. आपल्या पद्धतीत दुसऱ्या नंबरच्या मताला शून्य किंमत असते. पाच महिन्यांपूर्वी लोकसभेला याच पद्धतीने आघाडीला ४८ पैकी ३० जागा दिल्या होत्या, तेव्हा आघाडीवाल्यांना ती गोड लागली. पद्धत बदला असं म्हणण्यात अर्थ नाही; पण जी पद्धत ४८ चे ८० करते, तिच्यात अल्पमताला काम करता येईल अशी सोय सभागृहाच्या आत असावीच लागते. ती सोयच काढून घेतली जात आहे.

पहिली सोय विरोधी पक्षनेता. १० टक्के, म्हणजे २९ आमदार एका पक्षाकडे नाहीत, सबब विरोधी पक्षनेता नाही, असं सांगितलं जातं. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १०. मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचं नाव दिलं गेलं, निर्णय झाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर परिषदेतलं पदही रिकामं झालं. तिथं काँग्रेसने सतेज पाटील यांचं नाव पुढे केलं. डिसेंबरचं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं.

हा १० टक्क्यांचा नियम महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा राज्याचा १९७८ चा कायदा सांगतो : विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे तो. टक्केवारीचा संकेत लोकसभेतून उचललेला आणि तो महाराष्ट्राने स्वतःच मोडलेला आहे. १९८५ च्या विधानसभेत शरद पवारांचा समाजवादी काँग्रेस पक्ष १९८६ मध्ये काँग्रेसमध्ये विलीन झाल्यावर विरोधात जनता पक्षाचे वीस आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) तेरा असे लहान गट उरले. तरी निहाल अहमद, मृणाल गोरे, शेकापचे दत्ता पाटील आळीपाळीने विरोधी पक्षनेते झाले. त्याच सभागृहात कोल्हापूरचे आमदार होते शेकापचे एन. डी. पाटील. तेरांचा पक्ष, आणि सरकार काँग्रेसचं भक्कम बहुमताचं. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी तीनच आमदार असलेल्या भाजपला विरोधी पक्षनेतेपद मिळालं. गुजरातेत २०२२ ला काँग्रेसचे १७ आले, १९ लागत होते, पद गेलं. आंध्रात २०२४ ला जगनमोहन रेड्डींकडे १७५ पैकी ११, तिथंही नाही. बिहारमध्ये २०२५ ला राजदचे २५ आले, २४३ च्या १० टक्क्यांना लागतात तेवढेच. एक आमदार कमी पडला असता तर तेच.

पद नसलं तर बिघडतं काय? गाडी-बंगला गेला एवढंच? राज्य माहिती आयुक्तांची निवड करणाऱ्या समितीत तिघं असतात : मुख्यमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री. मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही विरोधी पक्षनेता आहे. सरकारला जाब विचारणाऱ्या संस्थांवर माणसं नेमताना समोरच्या बाजूचं एक माणूस टेबलावर असावं, हा हेतू. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तर ही अडचण आधीच ओळखली होती. त्यात स्पष्टीकरण जोडलं आहे की मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता मानावा. हेच एक वाक्य १९७८ च्या कायद्यात घातलं की टक्क्यांचा वाद संपतो. २० आमदारांचा गट असो की १३ चा, अध्यक्षांच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे, म्हणूनच कदाचित कुठल्याच सरकारला ती सुचत नाही. आजचा विरोधक उद्या सत्तेत गेला की त्यालाही रिकामं पद सोयीचं वाटतं.

दुसरी सोय पक्षांतराला वेळेत निकाल. १९८५ च्या कायद्यात एक तृतीयांश आमदारांची फूट चालत होती. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं उरलं. मग ठोक भावाने पक्षांतर सुरू झालं : २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसचे १५ पैकी १० भाजपमध्ये, तेलंगणात १८ पैकी १२ टीआरएसमध्ये. कर्नाटकात तिसरीच तऱ्हा. तिथं बहुतेकांनी राजीनामे दिले, अध्यक्षांनी एकूण १७ जणांना सभागृहाच्या उरलेल्या मुदतीसाठी अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली पण निवडणूक लढवायची बंदी उठवली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत १५ पैकी १२ जागा भाजपने घेतल्या. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते श्रीमंत पाटील आपल्या शेजारच्या कागवाडचे. मिरज ओलांडली की त्यांचा तेव्हाचा मतदारसंघ लागतो.

महाराष्ट्रात २०२२ ला यांतलं काहीच करावं लागलं नाही. शिवसेनेच्या ५५ पैकी ४० जण शिंदेंबरोबर गेले, विलीन झाले नाहीत. आम्हीच मूळ पक्ष, असं म्हणाले. ११ मे २०२३ ला घटनापीठाने सांगितलं की पक्षादेश काढायचा अधिकार विधिमंडळ गटाचा नव्हे, राजकीय पक्षाचा. प्रतोद म्हणून भरत गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणंही समर्थनीय नव्हतं. पण ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे परतला आणि तो आला १० जानेवारी २०२४ ला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिली म्हणून. अपात्र कुणीच नाही. तंटा सुरू झाल्यापासून दीड वर्ष उलटून गेलं होतं. ६० महिन्यांच्या विधानसभेतले १८ महिने. अपात्रतेची टांगती तलवार आणि मंत्रिपद एकाच वेळी एकाच माणसाच्या डोक्यावर असू शकतं, हा शोध महाराष्ट्राने लावला.

यात चूक एका अध्यक्षाची नाही. अध्यक्ष बहुमतवाल्या पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, पुढच्या वेळी तिकीटही तिथूनच हवं असतं. मणिपूरच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तीन महिने ही वाजवी मुदत सांगितली आणि स्वतंत्र लवादाचा विचार करा असं संसदेला सुचवलं. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालावी लागली. म्हणजे पाच वर्षांत तीच गोष्ट दोनदा सांगून झाली. अध्यक्षांकडचा अधिकार काढून निवृत्त न्यायमूर्तींच्या लवादाला द्यावा आणि ९० दिवसांत निकाल नाही लागला तर तोवर त्या आमदाराला मंत्रिपद घेता येऊ नये, एवढं तरी परिशिष्टात लिहावं. दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त कामाची आहे. मंत्रिपद थांबलं की तारखा भराभर पडतील.

आता पैशाकडे. निधीच्या वाटपात सत्तेचा तोल कसा दिसतो ते एका कामाच्या प्रवासावरून कळतं. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, शेवटी देयक. सरकार बदललं की पहिल्या टप्प्यावरची कामं सगळ्यात आधी अडकतात, कारण कार्यारंभ आदेश निघालेला नसतो आणि ठेकेदाराचा हक्क निर्माण झालेला नसतो. जुलै २०२२ मध्ये आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना अशीच सरसकट स्थगिती दिली गेली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. गावोगावी ज्याला 'पंचवीस-पंधराचा निधी' म्हणतात, तो लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं शीर्ष) २५१५ मधला. लोकप्रतिनिधी सुचवतील ती समाजमंदिरं, गटारं, अंतर्गत रस्ते. आमदाराच्या पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीला निदान सगळ्यांना सारखा असा नियम आहे. पंचवीस-पंधराला तो नाही. यादी मंत्रालयात ठरते. दहाही आमदार सत्तेत असले की ही यादी सत्ताधारी-विरोधक अशी न विभागता गटागटांत विभागली जाते. गावातला काँग्रेसचा सरपंच असेल तर काम कुणाच्या शिफारशीवर येणार, आणि फलकावर नाव कुणाचं, यातच पहिलं वर्ष जातं.

हे आणखी अवघड झालं, कारण खालचा मजलाच जागेवर नव्हता. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं प्रशासक. एक अख्खी मुदत निवडणुकीविना गेली. जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक, मतदान फेब्रुवारी २०२६ मध्ये. ओबीसी आरक्षणाचा तिढा, तिहेरी चाचणी, प्रभागरचनेचे बदलते कायदे अशी कारणं होती. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटल्यावरही आठ महिने लागले. या काळात दोन्ही आघाड्यांची सरकारं येऊन गेली आणि कुणालाही घाई नव्हती. प्रशासक सरकारचा माणूस. बहुमतवाल्या सरकारला महापालिकेतही बहुमत फुकटात मिळालं, मतं न मागता.

याचा फटका जिल्हा नियोजन समितीला, म्हणजे डीपीडीसीला बसला. घटनेच्या २४३-झेडडी अनुच्छेदाप्रमाणे या समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. सदस्यच नव्हते, तेव्हा हा चार पंचमांश भाग रिकामा. उरले पालकमंत्री, जिल्हाधिकारी, नामनिर्देशित आणि निमंत्रित. पालकमंत्री हे पद तर घटनेतही नाही. जानेवारी २०२५ मध्ये आबिटकर पालकमंत्री आणि भाजपच्या माधुरी मिसाळ सहपालकमंत्री झाल्या. एका समितीला दोन मंत्री नेमावे लागले, कारण समितीत तोल राखायला दुसरं कुणी नव्हतं. मग दोन सत्ताधारी पक्षांनी एकमेकांवर नजर ठेवायची. याला तोल म्हणायचं असेल तर म्हणा. आता नवे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य आले आहेत. पण ते आपोआप समितीत बसत नाहीत, त्यांच्यातून वेगळी निवडणूक घ्यावी लागते. ती लांबली तर पुढच्या वर्षाचा आराखडाही जुन्याच टेबलावर मंजूर होईल.

साखळी इथं संपत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून येतात. मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. ते नसतील तर निवडणूक होत नाही, आणि २०२२ नंतर राज्यात अशा अनेक जागा रिकाम्याच राहिल्या. सतेज पाटील २०२१ च्या अखेरीस बिनविरोध निवडून आले ते महापालिकेची मुदत संपलेली असतानाच, जिल्ह्यातल्या बाकीच्या संस्थांच्या मतदारयादीवर. त्यांची मुदत जानेवारी २०२८ पर्यंत आहे. आज विधिमंडळात जिल्ह्याचा विरोधी आवाज आहे तो परिषदेतच. विधानसभेत एकही नाही. आणि पैशाच्या बाबतीत परिषदेला अधिकार नाही. मागण्यांवर मत विधानसभेचं.

त्या मागण्यांचा आकारही पाहा. जुलै २०२४ मध्ये पुरवणी मागण्या आल्या ९४,८८९ कोटींच्या. त्या वर्षीचा मूळ अर्थसंकल्प होता ६,१२,२९३ कोटींचा. मूळ खर्चाच्या १५ टक्के रक्कम अर्थसंकल्पानंतर अवघ्या काही दिवसांत, निवडणुकीच्या तोंडावर. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी, ७,००,०२० कोटींच्या अर्थसंकल्पावर. पुरवणी मागणी ही अनपेक्षित खर्चाची सोय असते. तिचा असा वापर झाला की अर्थसंकल्पावरची महिनाभराची चर्चा निम्मी वाया जाते. हे रोखायचं हत्यार म्हणजे मागणीतली रक्कम कमी करायला सांगणारी कपात सूचना. ती देतो विरोधी बाकावरचा सदस्य, विभागवार, लेखाशीर्ष सांगून, आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. ४६ जणांनी चाळीसेक खात्यांच्या मागण्या वाचायच्या म्हणजे दरडोई एक खातं.

शक्तिपीठासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या भूसंपादनाची तरतूद अशाच एखाद्या मागणीत, कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली येईल. मंत्री सोडून उरलेल्या आठ आमदारांनी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात भाषण करण्याआधी एवढंच सांगावं : त्या दिवशी ते सभागृहात असतील का, आणि मत कुठं देतील?